धर्माधिकार, बालकाची साक्ष आणि फौजदारी अपील

प्रस्तावना

बोईसर किंवा तारापूर येथील पोलीस ठाण्यात बालकावरील लैंगिक अत्याचाराचा गुन्हा नोंदविला जातो, तेव्हा त्याची बातमी स्थानिक वृत्तपत्रांत येते. खटला विशेष न्यायालयात उभा राहतो आणि आरोपीस शिक्षा झाली तर पुन्हा एक बातमी येते. वाचकांच्या लेखी प्रकरण तेथे संपते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो प्रवासाचा मध्य असतो. शिक्षा झालेल्या व्यक्तीस साठ दिवसांच्या आत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. ते अपील कित्येक वर्षे प्रलंबित राहू शकते आणि त्यानंतरही सर्वोच्च न्यायालयाचे दार उरतेच. आरोपी एखादा धर्मगुरू, आश्रमाचा प्रमुख किंवा धर्मादाय संस्थेचा चालक असेल, तर या मधल्या काळाला वेगळेच महत्त्व येते. त्याचे अनुयायी, त्याची साधने आणि त्याच्याविषयीची श्रद्धा शिक्षेच्या दिवशी संपत नाही. पीडित बालक मात्र त्याच समाजात मोठे होत असते.

प्रस्तुत लेखात अशा प्रकरणांतील फौजदारी अपिलाचे स्वरूप उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने दोन प्रकरणे घेतली आहेत. पहिले मुंबई आणि रायगड जिल्ह्यातील मुरूड येथील ‘अँकरेज’ निवाऱ्यांचे. महाराष्ट्रातील बालकांवरील संस्थात्मक अत्याचाराचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे त्याचा निर्णायक निकाल लागला. दुसरे आसाराम याचे. येथे आरोपी प्रत्यक्ष धर्मगुरू होता आणि अपिलाच्या टप्प्यावर नवा पुरावा आणता येतो काय, हा प्रश्न उपस्थित झाला.

अपिलात न्यायालय नेमके काय पाहते

सत्र न्यायालयाचा निकाल चुकीचा वाटतो म्हणून उच्च न्यायालयात खटला नव्याने चालत नाही. बालक पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येत नाही, पंच पुन्हा बोलावले जात नाहीत, वैद्यकीय अधिकारीही येत नाही. दोन न्यायमूर्तींच्या, काही प्रकरणांत एका न्यायमूर्तींच्या समोर असतो तो केवळ कागद : फिर्याद, जबाब, साक्षीपुरावा, उलटतपासणी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल आणि खालच्या न्यायालयाचे निकालपत्र. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम ३७४ आणि ३८६ हे या व्यवस्थेचे आधार होते. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४१५ आणि ४२७ यांनी घेतली आहे. अपील न्यायालय शिक्षा कायम ठेवू शकते, कमी करू शकते, दोषसिद्धीचे कलम बदलू शकते, आरोपीस मुक्त करू शकते किंवा फेरचौकशीचा आदेशही देऊ शकते.

या कागदाविषयी थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे, कारण सारा वाद अखेर त्याच्याच भोवती फिरतो. पालघर जिल्ह्यातील बालक वारली, काटकरी किंवा कोकणा बोलीत बोलेल. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराचे मूल हिंदीत किंवा भोजपुरीत. त्याचे म्हणणे न्यायालयात मराठीत लिहून घेतले जाते आणि उच्च न्यायालयाच्या कामासाठी त्याचे इंग्रजी भाषांतर होते. आठ-दहा वर्षांच्या मुलाने एखाद्या अवयवासाठी वापरलेला घरगुती शब्द, त्याचे अडखळणे, त्याने हाताने दाखविलेली खूण, ‘मग काका तिकडे गेले’ या वाक्यातील ‘तिकडे’, हे सर्व या वाटेत कुठेतरी सांडते. खालच्या न्यायाधीशाने मुलाला पाहिलेले असते. अपील न्यायालय त्याला फक्त वाचते. म्हणूनच साक्षीदार प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला अपिलात वजन द्यावे, असा संकेत आहे. तो संकेत नेहमी पाळला जातोच असे नाही.

शब्दाच्या अर्थावर अपील कसे उलटते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वस्त्रावरून केलेला स्पर्श हा पॉक्सो अधिनियमाच्या कलम ७ खालील लैंगिक हल्ला नव्हे, असा निर्णय दिला. भारताचे महान्यायवादी त्याविरुद्ध स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय रद्द झाला. त्वचेला त्वचा लागणे नव्हे, तर लैंगिक हेतू हा या गुन्ह्याचा गाभा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

अँकरेज : दोन निकालांमधील अंतर

१९९५ च्या सुमारास डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने मुंबईत रस्त्यावरील मुलांसाठी ‘अँकरेज शेल्टर्स’ हे निवारे सुरू केले. कुलाबा परिसर आणि मुरूड येथे मुले राहत असत. ॲलन वॉटर्स हा त्याचा सहकारी नेहमी येत-जात असे आणि विल्यम डिसूझा हा व्यवस्था पाहत असे. ग्रँट आणि वॉटर्स यांनी पूर्वी ब्रिटिश नौदलात नोकरी केली होती. ते धर्मगुरू नव्हते हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु अन्न, छप्पर आणि शाळा देणारा परोपकारी पुरुष ही त्यांची प्रतिमा बालकाच्या दृष्टीने धर्मगुरूच्या प्रतिमेपेक्षा फारशी निराळी नव्हती. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे रात्रीचा निवारा गमावणे. आणि तक्रार केली तरी ती ऐकणार कोण? शहरातील प्रतिष्ठितांना अशा माणसाविषयी आदरच वाटत असतो.

२००१ च्या उत्तरार्धात काही मुले सामाजिक कार्यकर्त्यांजवळ बोलू लागली. चाइल्डलाइन ही संस्था, बालहक्कांसाठी काम करणाऱ्या वकील महारुख अदेनवाला आणि इतरांच्या पाठपुराव्यामुळे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयासमोर आले आणि गुन्हा नोंदविला गेला. डिसूझाला अटक झाली. दोघे ब्रिटिश आरोपी देशाबाहेर होते. वॉटर्स याला अमेरिकेत पकडून २००४ मध्ये प्रत्यार्पणाने भारतात आणण्यात आले. ग्रँट २००५ मध्ये हजर झाला. १८ मार्च २००६ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयाने ग्रँट व वॉटर्स यांना प्रत्येकी सहा वर्षे सक्तमजुरी आणि वीस हजार पौंड दंड, तर डिसूझाला तीन वर्षांची शिक्षा दिली.

येथे तत्कालीन कायद्याची मर्यादा लक्षात घ्यावी लागते. बळी पडलेली बालके मुलगे होती. बलात्काराचे कलम ३७५ स्त्रीपुरतेच असल्यामुळे मुलग्यांसाठी ‘अनैसर्गिक कृत्या’चे कलम ३७७ आणि बाल न्याय अधिनियमातील क्रूरतेविषयीचे कलम २३ यांचाच मुख्य आधार होता. बालकावरील अत्याचारासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. प्रौढांमधील संबंधांना गुन्हा ठरविणारे एक वसाहतकालीन कलम बालकांच्या रक्षणासाठी वापरावे लागत होते, ही विसंगती त्या काळी फारशी कुणाला खटकलेली दिसत नाही.

आरोपींनी अपील केले. २३ जुलै २००८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिघांचीही निर्दोष मुक्तता केली. मुलांच्या साक्षी विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालयाचे मत झाले. अशा साक्षींवर कोणते आक्षेप घेता येतात हे कोणत्याही बचाव पक्षाला ठाऊक असते. तारखा नेमक्या सांगता येत नाहीत. घटनेनंतर लगेच तक्रार नाही. पोलिसांना सांगण्याआधी मुले कार्यकर्त्यांशी बोलली, म्हणजे त्यांना पढविले असावे. शिवाय मुले रस्त्यावरची, भटकी. यांपैकी प्रत्येक आक्षेप स्वतंत्रपणे पाहिला तर तर्कशुद्ध वाटतो. एकत्र पाहिले की मात्र असे दिसते की, रस्त्यावरील अनाथ मुलाने ज्या प्रकारे सांगणे शक्य आहे, नेमक्या त्याच प्रकारामुळे त्याचे सांगणे अविश्वसनीय ठरते.

राज्य शासन आणि चाइल्डलाइन सर्वोच्च न्यायालयात गेले. निर्दोष मुक्ततेविरुद्धचे अपील हे नेहमीच अवघड असते. २००७ च्या चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या निर्णयात त्याचे तत्त्व स्पष्ट झाले आहे : मुळात आरोपी निर्दोष मानला जातो आणि एका न्यायालयाने मुक्त केल्यावर ते गृहीतक अधिक दृढ होते. दोन मते संभवत असतील तर वरच्या न्यायालयाने हस्तक्षेप करू नये. या पार्श्वभूमीवर न्या. पी. सदाशिवम् आणि न्या. बी. एस. चौहान यांच्या पीठाने १८ मार्च २०११ रोजी, म्हणजे सत्र न्यायालयाच्या निकालानंतर बरोबर पाच वर्षांनी, उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून मूळ दोषसिद्धी आणि शिक्षा कायम केली. मुलांच्या साक्षी गाभ्यात सुसंगत आहेत, आरोपींवर सर्वार्थाने अवलंबून असलेल्या मुलांनी उशिरा तोंड उघडणे स्वाभाविक आहे आणि किरकोळ विसंगतींवरून त्यांचे म्हणणे फेकून देता येणार नाही, अशी या निकालाची दिशा आहे.

एकच साक्ष, तीच पाने. एका न्यायालयाने त्यांत पढविलेली मुले पाहिली, दुसऱ्याने अवलंबून असलेली मुले पाहिली. फरक पुराव्यात नव्हता. मुले ज्या परिस्थितीत राहत होती ती वाचनात धरायची की नाही, एवढाच तो फरक होता.

कायद्यातील बदल आणि धार्मिक संस्थेचा उल्लेख

अँकरेजच्या निकालानंतर दीड वर्षाहून अधिक काळाने, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ अमलात आला. तो मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे कलम ५ (फ) महत्त्वाचे आहे. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील अथवा कर्मचारी वर्गातील व्यक्तीने त्या संस्थेतील बालकावर केलेला अत्याचार हा ‘गुरुतर’ मानला जातो. त्याच कलमाचा खंड (त) विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानाविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या गुन्ह्याची किमान शिक्षा दहा वर्षांवरून वीस वर्षांवर नेली आणि कमाल शिक्षा मृत्युदंडापर्यंत वाढविली. शिक्षक आणि धर्मगुरू यांना कायद्याने एकाच ओळीत बसविले आहे, हे अध्यापकवर्गाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

ही तरतूद नसतानाही धर्मगुरूंना शिक्षा झाल्या होत्या. तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळच्या आश्रमाचा प्रमुख प्रेमानंद याला १९९७ मध्ये पुदुक्कोट्टै येथील सत्र न्यायाधीश आर. भानुमती यांनी तेरा मुली व स्त्रियांवरील बलात्कार आणि एका खुनासाठी दुहेरी जन्मठेप दिली. त्याच न्यायाधीश पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आश्रमातील मुली बहुतांशी निराधार होत्या. एका मुलीच्या गर्भपातानंतरच्या अवशेषांची डीएनए चाचणी या खटल्यात झाली. त्या काळात भारतीय न्यायालयांना तो पुरावा नवाच होता. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली. दोन जन्मठेपा एकामागून एक भोगाव्यात हा भाग मात्र पुढे, २०१६ च्या घटनापीठाच्या मुथुरामलिंगम निर्णयानंतर, कायदा म्हणून टिकला नाही. माणसाला आयुष्य एकच, तेव्हा दुसरी जन्मठेप पहिलीनंतर सुरू होणार तरी केव्हा, असा तो साधा तर्क होता.

मुंबईतही डिसेंबर २०२१ मध्ये पॉक्सो विशेष न्यायालयाने चर्चचा धर्मगुरू जॉन्सन लॉरेन्स याला २०१५ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलावर केलेल्या अत्याचारासाठी जन्मठेप ठोठावली. प्रश्न कोणत्या एका धर्माचा नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

या अधिनियमाचे कलम २९ अपिलात वारंवार चर्चिले जाते. त्यानुसार आरोपीनेच गुन्हा केला असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते; ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. वाचताना हे फार कठोर वाटते. प्रत्यक्षात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये नवीन बरैये प्रकरणात स्पष्ट केल्याप्रमाणे, मूलभूत तथ्ये आधी अभियोग पक्षानेच सिद्ध करावी लागतात. म्हणजे पीडित व्यक्ती बालक आहे आणि आरोप केलेली घटना घडल्याचे दाखविणारा पुरावा आहे, हे सिद्ध झाल्यावरच गृहीतक जागे होते. त्यामुळे खोट्या आरोपात सापडलेल्या माणसाला उत्तरच देता येत नाही, हा समज बरोबर नाही. अपिलाचा हक्कही त्याच्यासाठीच आहे आणि तो तितकाच मोलाचा आहे.

आसाराम : अपिलात आलेले पुस्तक

२० ऑगस्ट २०१३ हा दिवस महाराष्ट्राला पुण्यातील डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येमुळे स्मरतो. त्याच तारखेला दिल्लीच्या कमला मार्केट पोलीस ठाण्यात सोळा वर्षांच्या एका मुलीच्या तक्रारीवरून आसारामविरुद्ध गुन्हा नोंदविला गेला आणि नंतर तो जोधपूरकडे वर्ग झाला. हा योगायोगच, परंतु त्या वर्षाअखेरीस महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यामागील भीती आणि या तक्रारीतील तपशील यांत साम्य आहे. मुलगी आसारामच्या गुरुकुलात शिकत होती. तिला बाधा झाली आहे आणि बापूच ती उतरवतील, असे सांगून तिला आई-वडिलांसह जोधपूरजवळील मणाई येथे बोलावण्यात आले. १५ ऑगस्टच्या रात्री कुटियेत अत्याचार झाला, तेव्हा पालक बाहेर होते. ते स्वतः अनुयायी होते. या खटल्यात गुन्हा घडू शकला तो श्रद्धेमुळे. आणि उघडकीस आला तो त्याच पालकांनी मुलीवर विश्वास ठेवला म्हणून.

२५ एप्रिल २०१८ रोजी विशेष न्यायाधीश मधुसूदन शर्मा यांनी जोधपूर कारागृहातच निकाल देऊन नैसर्गिक मृत्यूपर्यंत जन्मठेपेची शिक्षा सुनावली. दोन सहआरोपींना वीस वर्षांची शिक्षा झाली, दोघे सुटले. दरम्यानच्या काळात आसाराम आणि त्याच्या मुलाविरुद्धच्या प्रकरणांतील साक्षीदारांवर एकामागून एक हल्ले झाले आणि तिघांचा मृत्यू झाला. गोळीबारातून वाचलेले महेंद्र चावला यांच्याच याचिकेवर डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१७ मध्ये, यासाठी कायदा केला होता.

आरोपीने राजस्थान उच्च न्यायालयात अपील केले. ते प्रलंबित असताना २०२० मध्ये तपासावर देखरेख करणारे पोलीस अधिकारी अजय पाल लांबा यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी घटनास्थळी जाऊन भ्रमणध्वनीवर चित्रीकरण केल्याचा उल्लेख होता. बचाव पक्षाने तो उचलला. पीडितेने कुटियेच्या अंतर्भागाचे जे वर्णन केले ते तिने प्रत्यक्ष पाहिलेले नसून या चित्रफितीवरून तिला पढविले असले पाहिजे, असा युक्तिवाद करून लांबा यांना साक्षीदार म्हणून बोलाविण्याची मागणी झाली. संहितेचे कलम ३९१ (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३२) अपील न्यायालयाला आवश्यक वाटल्यास अधिक पुरावा घेण्याचा अधिकार देते. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती मागणी मान्य केली.

या टप्प्यावर काय पणाला लागले होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. वरकरणी मागणी निरुपद्रवी होती : एक अधिकारी येईल, चार प्रश्नांना उत्तरे देईल. परंतु अपिलात एकदा नवा साक्षीदार आला की त्याच्या साक्षीला उत्तर म्हणून दुसरा पुरावा, त्यावर पुन्हा उलटतपासणी असे सत्र सुरू होते. सुनावणी लांबते. आणि एका चित्तवेधक शैलीत लिहिलेल्या पुस्तकातील परिच्छेद शपथेवर दिलेल्या साक्षीच्या बरोबरीने तोलला जातो.

राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. न्या. संजीव खन्ना आणि न्या. एम. एम. सुंदरेश यांच्या पीठाने १७ एप्रिल २०२३ रोजी उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. कलम ३९१ चा अधिकार न्यायदानासाठी आहे, खटल्यातील त्रुटी नंतर भरून काढण्यासाठी नाही. घटनास्थळाच्या चित्रीकरणाविषयी विचारण्याची संधी खटल्यात बचाव पक्षाला उपलब्ध होती. कथित चित्रफीत पुराव्याचा भागच नव्हती. शिवाय पुस्तकातच नाट्यमयतेविषयी खुलासा दिलेला होता. तेव्हा त्याला पुराव्याचे मोल देता येत नाही. अपिलाची सुनावणी त्वरेने व्हावी, असेही न्यायालयाने सांगितले.

येथे एक टिप्पणी करणे अनाठायी ठरणार नाही. चालू खटल्यातील अधिकाऱ्याने अपिलाचा निकाल लागण्यापूर्वी त्यावर रंजक पुस्तक लिहावे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा अर्ज फेटाळला म्हणून संपत नाही. पुस्तकाचा हेतू चांगला होता असे मानले, तरी त्याची किंमत पीडितेला अधिक वर्षांच्या प्रतीक्षेत चुकवावी लागली.

शिक्षेची स्थगिती आणि शिक्षेतील घट

अपील प्रलंबित असताना दोषी व्यक्तीला बाहेर ठेवता येते. हा अधिकार पूर्वी कलम ३८९ खाली होता, आता कलम ४३० खाली आहे. अपील दहा वर्षे ऐकले गेले नाही आणि शेवटी आरोपी निर्दोष ठरला, तर गेलेली वर्षे परत देता येत नाहीत, हे यामागील तत्त्व आहे. ते योग्यच आहे. परंतु गंभीर गुन्ह्यात आणि विशेषतः प्रभावशाली आरोपीच्या बाबतीत न्यायालये हात राखून असतात. आसारामच्या प्रकरणात सहआरोपी असलेल्या वसतिगृह अधीक्षिकेची शिक्षा सप्टेंबर २०१८ मध्येच स्थगित झाली. मुख्य आरोपीचे अर्ज मात्र पुनःपुन्हा फेटाळले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये उपचारासाठी त्याला बंदोबस्तात रायगड जिल्ह्यातील खोपोली येथे आणण्याची परवानगी मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव अंतरिम जामीन मिळाला, तोही अनुयायांना एकत्रितपणे न भेटण्याच्या अटीवर. त्या दिवशी दोषसिद्धीला जवळपास पावणेसात वर्षे होत आली होती आणि अपिलाचा निकाल लागलेला नव्हता.

केरळमधील कोट्टियूर येथील धर्मगुरू रॉबिन वडक्कुमचेरी याच्या अपिलाचा प्रवास निराळा आहे. अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली, तिने बाळाला जन्म दिला. खटल्यात ती आणि तिचे पालक फितूर झाले. संबंध संमतीने होता, असे सांगू लागले. तरीही डीएनए अहवाल आणि वयाचा पुरावा यांवर फेब्रुवारी २०१९ मध्ये तलश्शेरी येथील विशेष न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली. ऑगस्ट २०२१ मध्ये दोघांना विवाह करू द्यावा, यासाठी केलेल्या विनंत्या सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा दहा वर्षांवर आणली. साक्षीदाराने शब्द फिरवला तरी खटला उभा राहू शकतो, हे या प्रकरणाने दाखविले. तो शब्द का फिरला असावा, हे कोणत्याही निकालपत्रापेक्षा त्या गावातील लोकांना अधिक ठाऊक असणार.

महाविद्यालयाशी असलेला संबंध

हा विषय वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकांच्या कक्षेबाहेरचा आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पालघर जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालयांना कनिष्ठ विभाग जोडलेला आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचे, म्हणजे कायद्याने बालकच असतात. डहाणू, जव्हार, मोखाडा, तलासरी या भागांतून आलेल्या कित्येकांचे आधीचे शिक्षण निवासी आश्रमशाळांत झालेले असते. एखादी विद्यार्थिनी विश्वासाने काही सांगते, तेव्हा कलम १९ लागू होते. गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शक्यता कळली, तर ती पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. त्यासाठी खात्री करून घेण्याची, चौकशी समिती नेमण्याची अथवा संस्थाचालकांची परवानगी घेण्याची अट नाही. माहिती दडविल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाने हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात माहिती न देणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यावरील गुन्हा नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. माहिती न देण्याचा गुन्हा दुय्यम समजून आरंभीच निकालात काढता येत नाही, असे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरा संबंध अधिक रूक्ष, पण अपिलात अधिक निर्णायक आहे. तो जन्मतारखेचा. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील होती हे सिद्ध झाले नाही, तर पॉक्सोचा सारा डोलारा कोसळतो. आसाराम आणि कोट्टियूर या दोन्ही प्रकरणांत बचाव पक्षाने मुलीच्या वयावर वाद घातला होता. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ९४ वय ठरविण्याचा क्रम सांगते : शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसल्यास वैद्यकीय चाचणी. जुलै २०२३ मध्ये युवप्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा या कलमाच्या निकषात बसत नाहीत, असे म्हणून पॉक्सोखालील दोषसिद्धी रद्द केली. महाराष्ट्रातील ग्रामीण व आदिवासी भागांत जन्मनोंद नसलेल्या मुलांची तारीख प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी अंदाजाने १ जून अशी लिहिण्याची रीत सर्वश्रुत आहे. ती नोंद पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते. दहावीपर्यंत न पोचलेल्या मुलीच्या खटल्यात मात्र जनरल रजिस्टरचे तेच पान घेऊन शाळेच्या लिपिकाला किंवा मुख्याध्यापकाला विशेष न्यायालयात हजर व्हावे लागते. ‘ही तारीख कोणत्या कागदावरून लिहिली?’ हा उलटतपासणीतील पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर साक्षीत नोंदले जाते, भाषांतरित होते आणि काही वर्षांनी मुंबईत अपिलाच्या कागदपत्रांत वाचले जाते.